राजेंद्रबाबूंच्या काळातल्या न्यायमूर्तींचा तक्ता असा करा

मागच्या पावसाळ्यात विधीच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा माझ्याकडे तक्ता घेऊन आला. प्रकल्पाचा विषय होता, भारताच्या पहिल्या राष्ट्रपतींनी केलेल्या न्यायिक नेमणुका. तक्ता देखणा होता, रंगीत छापलेला. सर्वोच्च न्यायालयाची २७ नावं, प्रत्येकासमोर तारीख, आणि शेवटच्या रकान्यात २७ वेळा एकच ओळ: नेमणूक, डॉ. राजेंद्र प्रसाद. त्यातल्या सहा ओळी चूक होत्या. एक रकाना आपल्या देशात लागूच पडत नव्हता. आणि या २७ पैकी चौघं नागपूरच्या न्यायालयातून पुढे गेलेले, पण एकाच्याही नावासमोर नागपूर नव्हतं.

मी तीस वर्षं नागपुरातल्या एका विधी महाविद्यालयाचं ग्रंथालय सांभाळलं. बाबा नागपूर हायकोर्टाच्या नक्कल विभागात कारकून होते. त्यामुळे ती चार नावं माझ्यासाठी नुसती नावं नाहीत, आमच्या घरात ती जेवताना निघायची. मुलाला म्हटलं, बस, हे आपण पुन्हा करू. चार रविवार लागले. कसं केलं ते सांगते, म्हणजे पुढे ज्याला हा विषय मिळेल त्याचे निदान दोन रविवार वाचतील.

पहिलं काम हद्द ठरवण्याचं. राजेंद्रबाबू राष्ट्रपती होते २६ जानेवारी १९५० ते १३ मे १९६२. या दोन तारखा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आधी फक्त सर्वोच्च न्यायालय घ्या. उच्च न्यायालयं नंतर, आणि तीही एकेक करून. सगळ्या देशाची उच्च न्यायालयं एकदम हातात घेतली की तक्ता कधीच पुरा होत नाही, हे मी कितीतरी मुलांच्या बाबतीत पाहिलं.

कागद आडवा धरा, दोन फुलस्केप शेजारी चिकटवा. संगणकावर करायचं तर करा, पण पहिला मसुदा हातानेच. तारीख हाताने लिहिताना ती डोळ्यांखालून जाते. रकाने असे पाडा: नाव, जन्मतारीख, मूळ न्यायालय, सर्वोच्च न्यायालयात येण्याआधीचं पद, घटनेचं कलम, पदभाराची तारीख, तेव्हाचं वय, कितवी खुर्ची (म्हणजे एकूण जागांपैकी कितवी भरली), पद सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, आणि माहिती कुठे मिळाली. अकरा होतात. जास्त वाटतील, पण यातला एकही गाळू नका. कुठला रकाना कशासाठी ते पुढे कळेल.

साधनं कुठली? सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर माजी न्यायाधीशांची यादी आहे, सुरुवात तिथून. पण तेवढ्यावर थांबू नका. जुन्या लॉ रिपोर्टांच्या, म्हणजे न्यायालयांचे निकाल छापणाऱ्या नियतकालिकांच्या, बांधीव खंडांत सुरुवातीच्या पानांवर त्या काळच्या न्यायाधीशांची यादी छापलेली असते आणि खाली बारीक टाइपात टिपा असतात: अमुक तारखेपासून, हंगामी, निवृत्त, रजेवर. खरा माल त्या टिपांत असतो. भिंग घेऊन बसा. नागपूरकरांना इथे एक सोय आहे, ती इतर शहरांना नाही: एआयआर, म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, आपल्याच शहरातून निघतं. धरमपेठ, रामदासपेठेतल्या जुन्या वकिलांच्या घरी त्याचे खंड ओळीने उभे असतात. कोणी ते रद्दीत घालणार असं कानावर आलं तर धावत जा. तिसरं साधन भारताचं राजपत्र. नेमणुकीची अधिसूचना त्यातच. दोन साधनांत तारखा जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा आणि खूण करा. मनाने एक निवडू नका.

आता त्या सहा चुकीच्या ओळी.

सर्वोच्च न्यायालयाचा उद्घाटन समारंभ २८ जानेवारी १९५० ला झाला, संसद भवनातल्या नरेंद्र मंडळाच्या दालनात. तेव्हा सहा न्यायाधीश होते: सरन्यायाधीश हरिलाल कनिया, आणि फझल अली, पतंजली शास्त्री, मेहरचंद महाजन, बिजनकुमार मुखर्जी, एस. आर. दास. हे सहाही आधीच्या फेडरल कोर्टाचे, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या आधीच्या केंद्रीय न्यायालयाचे, न्यायाधीश. घटनेचं कलम ३७४ सांगतं की घटना अंमलात येण्याच्या वेळी फेडरल कोर्टात असलेले न्यायाधीश, त्यांनी स्वतः वेगळं ठरवलं नसेल तर, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होतील. म्हणजे ते घटनेच्या दारातून आत आले, नव्या नेमणुकीने नाही. यादीत दास यांच्यासमोर २० जानेवारी १९५० ही तारीख दिसते. प्रजासत्ताक दिनाच्या सहा दिवस आधीची. ती पाहूनच शंका यायला हवी होती. ज्या दिवशी राष्ट्रपतीच नव्हते त्या दिवशीची नेमणूक राष्ट्रपतींची कशी असेल? कलमाचा रकाना याच्यासाठी. या सहा नावांसमोर ३७४ लिहा, बाकी २१ समोर १२४. राजेंद्रबाबूंच्या खऱ्या नव्या नेमणुका या २१. पहिली २३ सप्टेंबर १९५० ची, मद्रासकडचे एन. चंद्रशेखर अय्यर. शेवटची ३ ऑक्टोबर १९६० ची, तिच्याकडे आपण येऊच.

यात आणखी एक बारकावा आहे. सरन्यायाधीशपदी बसवणं ही वेगळी नेमणूक धरा, तिला वेगळी ओळ द्या. कनिया ६ नोव्हेंबर १९५१ ला पदावर असतानाच वारले. त्यांच्यानंतर शास्त्री, महाजन, मुखर्जी, दास आणि सिन्हा हे पाच जण राजेंद्रबाबूंच्या काळात सरन्यायाधीश झाले. या पाच ओळी मुख्य तक्त्याच्या खाली लिहा. वरच्या २७ मध्ये मिसळल्या की बेरीज चुकते.

जो रकाना आपल्याकडे लागूच नाही तो होता ‘सभागृहाची मंजुरी’. मुलाने सगळ्या नावांसमोर बरोबरची खूण केली होती. विचारलं, हे कुठून आणलंस? तर एका अमेरिकन तक्त्याचा साचा घेतला होता. तिथलं खरंच तसं आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी २४ सप्टेंबर १७८९ ला न्यायव्यवस्थेच्या कायद्यावर सही केली, त्याच दिवशी सहा नावं सेनेटकडे धाडली, आणि दोन दिवसांत सेनेटने ती मान्य केली. त्यातल्या रॉबर्ट हॅरिसन यांनी नंतर पद घेतलंच नाही, तेव्हा तिथल्या तक्त्यात ‘नाव सुचवलं’, ‘मंजूर झालं’ आणि ‘पदावर बसले’ असे तीन रकाने लागतातच. आपल्याकडे न्यायाधीशाच्या नेमणुकीवर संसदेत मत होत नाही. तिथेही सहा, इथेही सहा, म्हणून साचा बसेल असं त्याला वाटलं. बसत नाही.

मग आपल्याकडे काय होतं? कलम १२४ म्हणतं, राष्ट्रपती आपल्या सहीशिक्क्यानिशी न्यायाधीश नेमतील. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांतल्या ज्या न्यायाधीशांना विचारणं जरूर वाटेल त्यांना विचारतील, आणि सरन्यायाधीश सोडून इतरांच्या नेमणुकीत सरन्यायाधीशांचा सल्ला घेतलाच पाहिजे. याला कलम ७४ जोडून वाचा: राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. तेव्हा ‘राजेंद्रबाबूंनी नेमलं’ हे वाक्य कायद्याने बरोबर आहे, पण सहीमागे बरेच हात होते. प्रकल्पात ही ओळ लिहायला विसरू नका. आणि कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळानेच नावं ठरवायची, हा शब्द या काळासाठी चुकूनही वापरू नका. ती पद्धत १९९३ च्या निकालानंतरची आहे. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

आता तारखा तपासायची एक युक्ती. ही मी मुलांना नेहमी शिकवायचे. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६५ व्या वर्षी निवृत्त होतो. म्हणजे जन्मतारखेत ६५ मिळवा आणि एक दिवस मागे या. पतंजली शास्त्रींचा जन्म ४ जानेवारी १८८९, निवृत्ती ३ जानेवारी १९५४. दास १ ऑक्टोबर १८९४, निवृत्ती ३० सप्टेंबर १९५९. हिदायतुल्ला १७ डिसेंबर १९०५, निवृत्ती १६ डिसेंबर १९७०. जुळलं की जन्मतारीख आणि निवृत्ती दोन्हींवर विश्वास ठेवायला हरकत नाही. जुळलं नाही तर तिथे काहीतरी घडलेलं असतं. मुखर्जींचा जन्म १५ ऑगस्ट १८९१ चा, हिशेबाने ऑगस्ट १९५६ पर्यंत राहायला हवे होते. पण ३१ जानेवारी १९५६ लाच पद सोडलं, तब्येतीमुळे, आणि पुढच्याच महिन्यात गेले. सोडण्याच्या कारणाचा रकाना अशा जागांसाठी आहे. निवृत्ती, राजीनामा, मृत्यू, तिन्ही वेगळे लिहा.

इथून पुढे आपले नागपूरचे चौघे. त्यांच्यावर आम्ही दोन रविवार घालवले आणि मला त्याचं समाधान आहे.

व्हिव्हियन बोस. जन्म ९ जून १८९१. आजोबा सर बिपिनकृष्ण बोस, नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. स्वतः इथे वकिली केली, विद्यापीठाच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य होते, ९ जानेवारी १९३६ ला नागपूर हायकोर्ट स्थापन झालं तेव्हा पहिल्या न्यायाधीशांत होते, आणि १९४९ मध्ये मुख्य न्यायमूर्ती. ५ मार्च १९५१ ला सर्वोच्च न्यायालयात गेले. या एका माणसाच्या तीन नेमणुका पाहा: १९३६ ची इंग्लंडच्या राजाच्या नावाने, १९४९ ची स्वातंत्र्यानंतरची पण घटनेच्या आधीची, आणि १९५१ ची राष्ट्रपतींची. फक्त तिसरी आपल्या तक्त्यात येते. मुलाने बोस यांच्यासमोर मध्य प्रदेश लिहिलं होतं. चूक म्हणता येत नाही, कारण तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशाचीच राजधानी होती. पण आजचा वाचक मध्य प्रदेश वाचून जबलपूर-भोपाळ समजणार. म्हणून न्यायालयाचं नाव शहरासकट लिहा.

आता वयाचा रकाना भरा. त्या काळी उच्च न्यायालयाचं निवृत्तीचं वय ६० होतं, ६२ झालं ते १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने. बोस यांना ९ जून १९५१ ला ६० पूर्ण होत होती. दिल्लीची नेमणूक मार्चमध्ये झाली. तीन महिने उशीर झाला असता तर ते सिव्हिल लाइन्समधल्या हायकोर्टातून थेट घरी गेले असते. आणि खुर्चीचा रकाना भराल तेव्हा आणखी एक गोष्ट दिसेल. घटनेने सरन्यायाधीश आणि सात न्यायाधीश अशा आठ जागा ठेवल्या होत्या. सुरुवात सहांनी झाली, अय्यर सातवे, बोस आठवे. सर्वोच्च न्यायालय पहिल्यांदा पूर्ण भरलं ते नागपूरच्या मुख्य न्यायमूर्तींमुळे. हे मला तीस वर्षं खंड हाताळून कळलं नव्हतं, त्या मुलाने आकडे ओळीने मांडले तेव्हा कळलं.

बोस यांच्या नावावर एक फसगतीची जागा आहे. ८ जून १९५६ ला ते निवृत्त झाले. पण फौजदारी वकिलाच्या जिभेवर असणारा विरसा सिंग खटल्याचा निकाल, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतल्या खुनाच्या कलम ३०० च्या तिसऱ्या भागावरचा, ११ मार्च १९५८ चा आणि तो लिहिलाय बोस यांनी. मुलाला वाटलं निवृत्तीची तारीख चुकली. नाही. कलम १२८ प्रमाणे निवृत्त न्यायाधीशाला त्याच्या संमतीने पुन्हा बसायला बोलावता येतं, आणि बोस यांना तसं बोलावलं होतं. ही नवी नेमणूक धरू नका, बोस यांच्याच ओळीत टीप द्या.

भुवनेश्वर प्रसाद सिन्हा आणि हिदायतुल्ला यांची नोंद एकत्र करा, कारण त्यांची एक तारीख एकच आहे. सिन्हा मूळचे पाटणा हायकोर्टाचे, १९५१ मध्ये नागपूरचे मुख्य न्यायमूर्ती झाले. ३ डिसेंबर १९५४ ला ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्याच दिवशी हिदायतुल्ला नागपूरचे मुख्य न्यायमूर्ती झाले. बाबांच्या डायरीत त्या तारखेला फक्त ही दोन नावं आणि मध्ये एक बाण आहे. मुलाने सिन्हांसमोर नुसतं पाटणा लिहिलं होतं. मूळ न्यायालय आणि आधीचं पद असे दोन रकाने पाडायला सांगितले ते यासाठी. एकात पाटणा, दुसऱ्यात मुख्य न्यायमूर्ती, नागपूर.

हिदायतुल्ला आपल्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. पुढे केंब्रिजला शिकून परत इथेच वकिलीला आले, लॉ कॉलेजात शिकवलं, १९४३ मध्ये महाधिवक्ता, १९४६ मध्ये न्यायाधीश. १ डिसेंबर १९५८ ला दिल्लीला गेले तेव्हा ५३ पूर्ण व्हायला सोळा दिवस बाकी होते. बोस यांच्या आणि त्यांच्या वयाचे आकडे शेजारी ठेवा. सगळ्यात ज्येष्ठ न्यायाधीश सरन्यायाधीश होतो ही प्रथा, आणि निवृत्ती ६५ ला. मग जो साठीला टेकून येतो त्याच्या हातात पाचच वर्षं, आणि जो त्रेपन्नाव्या वर्षी येतो त्याच्या हातात बारा. हिदायतुल्ला २५ फेब्रुवारी १९६८ ला सरन्यायाधीश झाले, आणि १९६९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये काही आठवडे हंगामी राष्ट्रपतीही. १९५८ ची राजेंद्रबाबूंची एक सही बारा वर्षं पुढे चालली. वयाचा रकाना भरला नाही तर हे दिसत नाही.

त्यांच्यासमोर मुलाने मध्य प्रदेश लिहिलं होतं, आणि इथे १ नोव्हेंबर १९५६ समजून घ्यावा लागतो. त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि नागपूरला मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ राहिलं. पण नागपूरचं जे हायकोर्ट होतं ते कायद्याने नव्या मध्य प्रदेशाचं हायकोर्ट मानलं गेलं आणि जबलपूरला बसू लागलं. हिदायतुल्ला तिकडे मुख्य न्यायमूर्ती म्हणून गेले. इमारत इथेच राहिली, ती घुमटाची, ६ जानेवारी १९४० ला उद्घाटन झालेली. न्यायाधीश वाटले गेले तसे कारकूनही. आमच्या चाळीतली तीन घरं जबलपूरला गेली. बाबा राहिले. नेमणुकांचा अभ्यास करताना हे लक्षात ठेवा, कारण जुनं नागपूर हायकोर्ट शोधताना तुम्हाला जबलपूरच्या इतिहासातही पाहावं लागेल.

चौथे जनार्दन रघुनाथ मुधोळकर. अमरावतीचे, १९१२ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष रावबहादूर रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांचे चिरंजीव. नागपूर हायकोर्टात न्यायाधीश, १९५६ नंतर मुंबई हायकोर्टात, आणि ३ ऑक्टोबर १९६० ला सर्वोच्च न्यायालयात. म्हणून मुलाच्या तक्त्यात मुंबई. आता पुन्हा खुर्च्या मोजा. १९५६ च्या कायद्याने सरन्यायाधीश धरून जागा ११ झाल्या, १९६० मध्ये १४. मुधोळकर आले तेव्हा बसलेले न्यायाधीश मोजले तर तेरा निघतात, ते चौदावे. पहिल्या संख्येची शेवटची खुर्ची बोस यांनी भरली आणि वाढलेल्या संख्येची शेवटची मुधोळकरांनी. राजेंद्रबाबूंची सर्वोच्च न्यायालयातली ही अखेरची नेमणूक. वर सांगितलेली ६५ ची चाचणी त्यांना लावून पाहा: जन्म १९०२, म्हणजे १९६७ पर्यंत राहायचे, पण गेले १९६६ मध्ये. राजीनामा. त्याआधी १९६४ च्या सज्जन सिंग खटल्यात त्यांनी विचारलं होतं, घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यातच बदल करणं ही दुरुस्ती म्हणायची की घटनेचा एक भाग नव्याने लिहिणं? घटनेची मूलभूत चौकट संसदेला बदलता येत नाही, असं सांगणारा केशवानंद भारतीचा निकाल त्यानंतर नऊ वर्षांनी आला. मुलांना केशवानंद पाठ असतो, मुधोळकर माहीत नसतात. मला याचं फार वाईट वाटतं.

तक्ता पुरा झाला की तो दोन प्रकारे वाचा. आधी आडवा, एकेका माणसाचा. मग उभा, एकेका रकान्याचा. वयं उभी वाचा, खुर्च्या उभ्या वाचा. ४ जानेवारी १९५४ पाहा: आदल्या दिवशी शास्त्री निवृत्त, त्या दिवशी महाजन सरन्यायाधीश आणि त्याच दिवशी वेंकटराम अय्यर नवे न्यायाधीश. इथे साखळी स्पष्ट आहे. प्रत्येक ठिकाणी ती इतकी सरळ नसते. जिथे तारखा लागून येत नाहीत तिथे कोण कोणाच्या जागी आलं ते ओढूनताणून लिहू नका, रकाना मोकळा सोडा.

हे झाल्यावर उच्च न्यायालयांकडे वळा. तिथे कलमं बदलतात. नेमणूक २१७ खाली, त्यात राज्यपाल आणि त्या न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींचाही सल्ला, आणि २६ जानेवारी १९५० च्या आधीपासून असलेल्यांसाठी ३७६. अतिरिक्त न्यायाधीश दिसले तर वर्ष पाहा. घटनेत ती तरतूद १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आली. हिदायतुल्ला १९४६ मध्ये अतिरिक्त होते ते जुन्या १९३५ च्या कायद्याखाली. सुरुवात नागपूरपासूनच करा. ३१ ऑक्टोबर १९५६ ला बसलेल्या न्यायाधीशांची यादी काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक जण कुठे होता ते लिहा, जबलपूर की मुंबईच्या यादीत नागपूर. आमचा मुलगा आता तेच करतो आहे. परवा रविवारी तो १९५६ चा खंड पिशवीत घालून येणार आहे, आणि मी बाबांच्या डायऱ्या माळ्यावरून काढून पुसून ठेवल्या आहेत.